दत्तक मुलगी ‘माझं जुनं घर’ म्हणते, सासूबाई त्याला पुनर्जन्म समजतात. काय करावं?

ताई, तुमची मुलगी अडीच वर्षांची असताना शिशुगृहातून घरी आली. आता चार वर्षांची आहे आणि ‘माह्या जुन्या घरी लय लेकरं होते, घंटा वाजे’ म्हणते. सासूबाईंना वाटतं, पाच वर्षांमागं वारलेली त्यांची लेकच परत आली. तुमचे मालक यावरून चिडतात, घरात बोलणं बंद झालंय.

लय लेकरं आणि घंटा. मला तर ते सरळ शिशुगृह दिसतं. पोरगी याच जन्मातलं सांगते आहे.

मी स्वतः दत्तक आहे. घाटंजीकडचं आमचं गाव. तीन वर्षांचा असताना मला मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाकडे, दिलं. त्यांचा एकुलता पोरगा मी जन्मायच्या आधी वावरातल्या विहिरीत गेला होता. त्याच्या पोटरीवर भाजल्याची खूण होती, माझ्या पोटरीवर जन्मापासून डाग. मोठ्या मायला तेवढं पुरलं.

घरात एक टिनाची पेटी होती. सारे कापूस वेचायला गेले की मोठी माय ती उघडे, निळा स्वेटर माझ्या मांडीवर ठेवे आणि विचारे, ‘हे कोनाचं व्हय बापू?’ मी ‘माहं’ म्हटलं की तिच्या डोळ्यांतून पाणी गळे आणि माझ्या हातावर गुळाचा खडा येई. एकदा ‘मले नाही मालूम’ म्हटलं, तर पेटी लावून ती भिंतीकडे तोंड करून दिवे लागेपर्यंत पडून राहिली. त्यानंतर मी कधी चुकलो नाही.

मला खरंच आठवायची ती चुलीजवळ बसून मला तेल चोळणारी बाई, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या. ती माझी जन्माची माय. तिचं नाव काढलं की घरात सारे चूप.

मोठे बाबा स्वेटर दिसला की उठून कोठ्यात जात. मी त्यांना आवडत नाही असंच मला वाटे. ज्यानं पोराला स्वतः विहिरीतून वर काढलं, त्यानं ‘तो परत आला’ हे रोज कसं ऐकावं, हे मी बाप झाल्यावर कळलं. त्यांची लेक माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. राखी बांधताना ती माझ्या तोंडाकडे बघत नसे.

व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी भारतातही फिरून मागच्या जन्माचं सांगणाऱ्या मुलांच्या हकिकती नोंदवल्या, १९६६ मध्ये वीस प्रकरणांचं पुस्तक काढलं. त्यांच्या नोंदींत मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान बोलणं थांबतं. दत्तक लेकरू आधीच्या जागेबद्दल बोलतं तेही बहुतेक याच वयात, म्हणून घोळ होतो. मागच्या जन्मी मथुरेत होते असं लहानपणी सांगणाऱ्या दिल्लीच्या शांतीदेवीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९३५ मध्ये मथुरेहून तिचा मागच्या जन्मीचा म्हणवणारा नवरा आला, सोबत मुलगा. ती आठ-नऊ वर्षांची, मुलगा तिच्याहून वर्षभरानं मोठा. पुढे तिनं लग्न केलं नाही. ते खरं की खोटं यात मी पडत नाही. तिच्या आईबापांनी ती भेट कशी पाहिली असेल, एवढंच मनात येतं.

दत्तकाच्या वेळी संस्थेनं मुलीच्या माहितीचा अहवाल दिला असेल, तो काढा. शिशुगृहाचा फोटो मिळाला तर दाखवा आणि सांगा, ‘हो, तू इथं होतीस, मग आम्ही तुला घ्यायला आलो.’ ती पुन्हापुन्हा विचारेल, तितक्यांदा सांगा.

सासूबाईंशी पुनर्जन्मावर वाद घालू नका. लेकीबद्दल त्यांना पोटभर बोलू द्या, तुम्ही ऐका, पण पोरगी तिथं नसताना. ‘ओळख पाहू, हे कोणाचं?’ हे मात्र आजपासून बंद. आणि मालकांजवळ एकदा बसा. जी गेली ती त्यांचीही बहीण होती, आणि तुम्ही लिहिलंय त्यात त्यांच्या रागाशिवाय त्यांचं काहीच नाही.