बागेची प्रश्नपेटी : कोनफ्लॉवर ठाण्यात टिकेल का?

प्रश्न : जुलैमध्ये लेकीकडे ओहायोला होतो. तिच्या शेजारणीच्या वाफ्यात कोनफ्लॉवर (मधोमध शंकूसारखा उंचवटा असलेली फुलं) पाहिले, जांभळे, केशरी, पिवळे, काही तर दुहेरी, गच्च पाकळ्यांचे. लेकीलाही नव्या घरापुढे असा वाफा करायचाय. कोणत्या जाती घ्याव्यात? आणि घोडबंदर रोडला आमचं तळमजल्याचं अंगण आहे, तिथे मी तेच बी लावू का? दरवर्षी आपोआप फुटतं म्हणे.
– एक निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : काका, आधी लेकीचं बघू, तिचं सोपं आहे. जांभळट गुलाबी फुलाची मूळ जात तिकडच्याच माळरानांवरची, त्यामुळे ती डोळे मिटून लावावी. त्यातली ‘मॅग्नस’ घ्यायला सांगा. हिच्या पाकळ्या खाली लोंबत नाहीत, आडव्या पसरतात. १९९८ साली तिकडच्या बहुवर्षायू रोपांच्या संघटनेने तिला वर्षाचं रोप म्हणून निवडलं होतं. जोडीला पांढरी ‘व्हाइट स्वान’.

केशरी-पिवळ्यांचं मात्र जरा नाजूक काम. तो पिवळा आला मिसूरी-आर्कान्साकडच्या पॅराडॉक्सा नावाच्या जातीतून. तिचा जांभळीशी संकर केला आणि मग रंगांची जत्राच भरली. पण यातल्या बऱ्याच जाती ओल्या चिकण मातीत हिवाळा काढता काढता कुजतात. वाफा वीतभर उंच हवा, आणि पहिल्या वर्षी कळ्या खुडायच्या, म्हणजे मूळ जोर धरतं. (खुडताना जीव तुटतो, ठाऊक आहे मला.) या संकरांचं बी धरू नये, रंग आईसारखा येईलच असं नाही, रोपच विकत घ्यावं. बियांपासूनच सरमिसळ रंग हवे असतील तर ‘शायेन स्पिरिट’, ती पहिल्याच वर्षी फुलते. दुहेरी फुलं मला स्वतःला आवडत नाहीत. लोकरीच्या गोंड्यासारखी दिसतात, आणि मधमाशीच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता तुमचं अंगण. तिकडे थंडीत वरचं सगळं वाळतं, मूळ झोपतं आणि वसंतात उठतं. आपल्याकडे त्याला झोपायला थंडी नाही, वर चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस. मी पाचपाखाडीत गच्चीवर तीन कुंड्या करून पाहिल्या. ऑक्टोबरात पेरलं, मार्चअखेर दोन फुलं आली, तीही रुपयाएवढी. जुलैत एका रोपाचं बूड दाबून पाहिलं, तर भाताचं शीत दाबावं तसं बोटाखाली विरलं. हौसच असेल तर इथे मिळालेलं बी पाऊस ओसरल्यावर, निम्मी वाळू घालून, एका हंगामापुरतं लावा. लेकीला सामानातून आणायला लावू नका. बियाण्याला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

कायमचं हवं असेल तर कोरांटी आणि आबोली लावा. त्या लाल-पिवळ्या रंगासाठी गलांडा आहेच, दसऱ्याच्या हारातला. तोही मूळचा अमेरिकेचाच, कोनफ्लॉवरच्याच कुळातला, पण इथे केव्हाच रुळलाय. त्याच्याही बुडाशी पाणी साचू देऊ नका.

लेकीला एक जरूर कळवा : वाळलेली बोंडं हिवाळ्यात कापू नकोस. तिकडचे गोल्डफिंच पक्षी त्यातलं बी टिपायला येतात. तिने फोटो काढला तर मलाही पाठवा.