नुसतं ‘संयुक्त ताबा’ लिहून भागत नाही

ताई, परस्परसंमतीने घटस्फोट घेताय, मुलगी सात वर्षांची, दोघंही पुण्यातच राहणार. मग कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मिळून कोर्टात लिहून द्यायच्या अटींत) ‘संयुक्त ताबा’ लिहिलं की पुरे का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही वेगळे झालो तेव्हा माझा मुलगा सहाचा होता, आता पंधराचा आहे. माझं स्पष्ट मत, पुरे नाही.

आपल्या कायद्यात संयुक्त ताब्याची व्याख्याच नाही. विधी आयोगाने २०१५ साली २५७ व्या अहवालात तशी तरतूद सुचवली होती, पण कायदा काही बदलला नाही. तरी दोघांनी मिळून ठरवलेलं मुलीच्या हिताचं असेल तर कौटुंबिक न्यायालय ते मान्य करतं. म्हणून सगळी मदार आहे तुम्ही काय लिहून देता त्यावर.

आमच्या अटींत ‘वडिलांना वाजवी भेटी’ एवढंच होतं. पहिल्याच दिवाळीत मी समजले, ते पाडव्याला संध्याकाळी न्यायला येणार. ते समजले, भाऊबीजेला सकाळी. पोरगं सहा वाजल्यापासून बूट घालून दाराशी बसलं होतं. नऊ वाजता मी त्याच्या नाड्या सोडल्या. तो रडलासुद्धा नाही, आणि तेच मला अजून छळतं.

पुढे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज केला (मुलांबाबतचे आदेश नंतरही बदलून घेता येतात), कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर दोघं बसलो आणि सगळं बारकाईने लिहिलं. एक आड एक आठवडा शुक्रवारी शाळेतूनच वडिलांनी न्यायचं, सोमवारी शाळेतच सोडायचं. घराच्या दारात देवाणघेवाण नाही, त्यामुळे आमचे ताणलेले चेहरे त्याला एकत्र बघावे लागले नाहीत. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. रोज आठला फोन. व्हिडिओ कॉलही जरूर लिहा; भेट शक्य नसेल तेव्हा मुलाला असा संपर्क मिळायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू प्रकरणात म्हटलंय.

रोज कुठे राहायचं हे एक, आणि निर्णय कोणी घ्यायचे हे दुसरं. शाळा बदलणं, ऑपरेशन, परदेश प्रवास, पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हे वेगळं लिहा. शाळेच्या दप्तरी दोघांचे नंबर द्या.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, आणि भेट मिळाली नाही म्हणून त्यांनी पोटगी रोखायची नाही. दोन्ही मुलीच्याच हक्काचं आहे.

आणि गणवेश, कंपासपेटी, रोजची औषधं दोन्ही घरी ठेवा. गणिताची वही दुसऱ्या घरी राहिली की सोमवारी वर्गात उभं राहावं लागतं ते पोरीला.