रोज वीस वाक्प्रचार पाठ करून लॉजिस्टिक्स येत नाही

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.कॉम. होऊन एका फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे इतरांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या, कंपनीत एक्स्पोर्टच्या डेस्कला लागली. शिपिंग लाइनकडून, म्हणजे जहाज कंपनीकडून, तिला फोन आला, 'युअर कंटेनर हॅज बीन रोल्ड.' तिला वाटलं कंटेनर निघाला. तसा मेल तिनं ग्राहकाला करून टाकला. दुसऱ्या दिवशी ग्राहकानं ट्रॅकिंग बघितलं तर कंटेनर टर्मिनलमध्येच उभा. ऑफिसात बोलणी बसली. तेव्हापासून वडील तिला रोज वीस इंग्रजी वाक्प्रचार पाठ करायला देतात आणि रात्री जेवणानंतर म्हणून घेतात. सप्लाय चेनमधले वाक्प्रचार शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं, कोणता क्लास लावावा, असं त्यांनी विचारलं आहे. पत्र मुलीनंच टाइप केलं आहे आणि खाली स्वतःच्या दोन ओळी घातल्या आहेत: 'मीटिंगमध्ये एखादा शब्द कळला नाही तर सगळ्यांसमोर विचारावं का? हल्ली भीती वाटते.'

सप्रेम नमस्कार.

पुस्तकाचं नंतर बघू. आधी मला त्या रात्रीच्या परीक्षेबद्दल बोलायचं आहे. तुमच्या मुलीच्या इंग्रजीपेक्षा मला तिचीच जास्त काळजी वाटते. दिवसभर काम करून आलेली, स्वतः कमावणारी मुलगी ताटावरून उठते आणि वडिलांसमोर पाठांतर म्हणायला बसते. अडखळली की 'मावसभाऊ बघ कसा फाडफाड बोलतो' हे ऐकते. हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे, आणि तिच्या हातून टाइप करून घेतलं आहे. तुमचा हेतू चांगला आहे, मान्य. पण या परीक्षेतून तिला एकच गोष्ट पक्की होते आहे: आपल्याला कळलं नाही, हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. तिच्या कामात याहून घातक सवय नाही. त्या दिवशी फोनवर तिनं 'म्हणजे कंटेनर या जहाजावर चढला का?' एवढं विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. हे विचारायचं धाडस वाढायला हवं, आणि तुम्ही रोज रात्री ते थोडं थोडं कमी करत आहात. परीक्षा आजपासून बंद करा. आठवड्यातून एकदा नाही, रविवारी नाही, पूर्ण बंद.

आता त्या 'रोल्ड'कडे येऊ. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या माणसालाही तो फोन कळला नसता. बुकिंग केलेले काही जण ऐन वेळी माल आणत नाहीत, म्हणून शिपिंग लाइन जहाजावर जागा असते त्याहून जास्त बुकिंग घेते. सगळेच आले की काही कंटेनर मागे राहतात आणि पुढच्या जहाजावर ढकलले जातात. यालाच रोल होणं म्हणतात. कारणं आणखीही असतात. कट-ऑफची, म्हणजे कंटेनर टर्मिनलला पोचवायची शेवटची, वेळ चुकली, कस्टम्सचं क्लिअरन्स अडकलं, लाइननं ती फेरीच रद्द केली. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, त्यामुळे तो कागद वेळेत गेला नाही तरी कंटेनर मागे राहतो. हे ज्याला ठाऊक आहे तो फोन ठेवण्याआधी आपोआप चार गोष्टी विचारतो: का राहिला, आता कोणतं जहाज, ते कधी सुटणार, पोचणार कधी. माल लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेली कागदपत्रं बरोबर असली तर बँक पैसे देईल या हमीवर, असेल तर शिपमेंटची शेवटची तारीख टळते का, हेही बघतो. ती टळली तर बँक कागदपत्रं नाकारू शकते. तुमच्या मुलीला शब्द अडला, पण खरी कमतरता या माहितीची होती, आणि ती तिला ऑफिसनं द्यायला हवी होती. नवख्या मुलीला डेस्कवर बसवून फोन हातात देणाऱ्यांनाही यातला वाटा आहे, हे तिला घरी कुणीतरी सांगायला हवं होतं.

हीच गत बाकीच्या शब्दांची. डेमरेज आणि डिटेन्शन ही तिला रोज भेटणारी जोडी. शब्दकोशात डिटेन्शन बघाल तर अटक, ताबा असं काहीतरी सापडेल आणि तिचा गोंधळ वाढेल. आयातीचा भरलेला कंटेनर मोफत दिवस उलटल्यावरही टर्मिनलमध्येच पडून राहिला की डेमरेज हे शुल्क लागतं. बाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून मुदतीत परत केला नाही की डिटेन्शन लागतं. दोन्हींचं मीटर दिवसागणिक फिरतं. एका खऱ्या कंटेनरचं बिल समोर घेऊन कुणी दहा मिनिटं समजावलं की ही जोडी जन्मात विसरत नाही. पाठांतरानं ती परीक्षेपुरती राहते.

तुम्ही यादीचं पहिलं पान जोडलं आहे. त्यात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आणि 'बाइट द बुलेट'च्या शेजारी 'बुलव्हिप इफेक्ट' बसला आहे. हा वाक्प्रचार नाहीच. दुकानात मागणी किंचित वाढते, दुकानदार धास्तीनं थोडं जास्त मागवतो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर त्या किंचित वाढीचा मोठा चढउतार झालेला असतो. जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्ये हे सविस्तर मांडलं आणि आजही गोदामं नको त्या मालानं भरतात त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. ही गोष्ट समजून घ्यायला एक संध्याकाळ द्यावी अशी आहे. तुमच्या वहीत तिच्या वाट्याला एक ओळ आली.

आणि एक गैरसमज, जो फक्त तुमचा नाही. वाक्प्रचार पेरले की इंग्रजी भारदस्त होतं आणि साहेब खूश होतात, असं पालकांना मनापासून वाटतं. या क्षेत्रात नेमकं उलट आहे. तिच्या मेलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बहुतेकांची इंग्रजी ही मातृभाषा नसते. तेही तिच्यासारखेच शिकून आलेले असतात. शोभेचा वाक्प्रचार त्यांना अडखळवतो, आणि अडखळलेला माणूस अंदाज बांधतो. मातृभाषा इंग्रजी असलेल्यांतही एकमत नसतं. मीटिंगमध्ये एखादा प्रस्ताव 'टेबल' करू म्हटलं तर ब्रिटिश माणूस तो चर्चेला घेतो आणि अमेरिकन बाजूला ठेवतो. साधी 03/04 ही तारीख घ्या. कुणासाठी ती 3 एप्रिल, कुणासाठी 4 मार्च. म्हणून कसलेली माणसं महिना अक्षरात लिहितात, वाक्यं छोटी ठेवतात आणि कंटेनर नंबर, जहाजाचं नाव, तारीख एवढं नेमकं देतात. तिला वाक्प्रचार ऐकल्यावर कळायला हवेत, हे खरं. ते ऐकत ऐकत येतील. वापरलेच पाहिजेत असं मुळीच नाही.

नोकरी सोडवून तिला बँकेच्या परीक्षांना बसवायचा विचारही तुम्ही पत्रात लिहिला आहे, तो मला पटत नाही. एका चुकीच्या मेलवरून करिअर बदलत नाहीत. एमबीएची प्रवेश परीक्षा किंवा सीपीआयएम, सीएससीपीसारखी सप्लाय चेनमधली प्रमाणपत्रं दोनेक वर्षं काम झाल्यावर बघावीत.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर एक करा. तिला वाटेल त्या दिवशी तिच्या एखाद्या कन्साइनमेंटची हकिगत मराठीत सांगू द्या. तुम्ही विचारा, तिनं सांगावं. माल कुणाचा, कोणत्या अटीवर विकला, वाटेत बुडाला तर नुकसान कुणाचं? सीआयएफ म्हणजे पोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विक्रेत्याचा, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची, हे तिला तुम्हाला पटवून देता आलं तर इंग्रजीत सांगायला तिला फार वेळ लागणार नाही. असे 11 नियम इन्कोटर्म्स 2020 मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या अटींच्या संचात, आहेत. त्यातले तिच्या डेस्कवर रोज येणारे तीन-चारच असतील, तिथून सुरुवात पुरे.

आता तुझ्याशी. विचारावं का? ज्या शब्दावर तारीख, जहाज, पैसा किंवा जबाबदारी अवलंबून आहे, तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर विचार. बाकीचे वहीत टिपून ठेव आणि नंतर शेजारच्या सीनियरला गाठ. 'याचा अर्थ काय' असं विचारायला संकोच वाटत असेल तर तुला कळलं ते बोलून दाखव: 'सो इट इज नॉट ऑन धिस व्हेसल, करेक्ट?' जुनी माणसंही असंच खात्री करून घेतात, तुझ्याकडे कुणी वेगळ्या नजरेनं बघणार नाही. फोन झाला की दोन ओळींचा मेल लाइनला टाक, बोलण्यात ठरलं ते नव्या जहाजाच्या नावासह आणि तारखेसह. त्यांचं उत्तर आल्यावरच ग्राहकाला कळव.