वडिलांना एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे, स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) ‘ट्रायल’साठी, म्हणजे उपचाराच्या चाचणीसाठी, पैसे मागतायत, भरू का?

नका भरू, प्लीज. खऱ्या ट्रायलमध्ये औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे एएलएससाठी स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतात. त्यांच्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा, २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, वेबसाइटवर कुणालाही बघता येतं, नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.

पण खरी ट्रायल मिळाली तर घाबरू नका, फक्त प्लासिबो (दिसायला औषधासारखा, पण आत औषध नसलेला डोस) मिळू शकतो हे घरात आधीच बोलून ठेवा. प्लासिबो म्हणजे फसवणूक नाही हो, त्याशिवाय कळतच नाही औषध चालतं का. एएलएसच्याच रेलिव्हरिओ या औषधाचं बघा ना, १३७ पेशंटच्या ट्रायलवर अमेरिकेत २०२२ ला मंजूर झालं, किती लोकांनी आशा लावली होती, मग ६६४ जणांच्या मोठ्या ट्रायलमध्ये प्लासिबोपेक्षा काही फरक दिसला नाही आणि २०२४ ला कंपनीने स्वतःच परत घेतलं.

आणि न्यूरॉलॉजिस्टना याच आठवड्यात विचारा, कारण श्वासाची ताकद फार कमी झाली की बऱ्याच ट्रायलमध्ये घेत नाहीत. रिलुझोल हे एएलएसचं नेहमीचं औषध चालू असेल तर ट्रायलच्या नादात स्वतःहून बंद करू नका.