अरबी आधी, पायथॉन नंतर: कोकण-अरब संपर्कावर जर्मनीत पीएच.डी. करायची असेल तर

तुम्ही विचारलंय: इतिहासात एम.ए. झालंय, मोडी वाचता येते, वर्षभर पायथॉन शिकताय, आणि दहाव्या ते बाराव्या शतकातल्या कोकण किनाऱ्याचा अरब जगाशी आलेला संबंध संगणकाच्या मदतीने अभ्यासायला जर्मनीत पीएच.डी.ला जायचंय. निघण्याआधी काय करावं आणि तिथे काय अडतं?

आधी अरबी. या कामाला लागेल तेवढं पायथॉन सहा महिन्यांत जमतं. अरबी भूगोलग्रंथ स्वतः वाचता यायला रोज तासभर धरून दोन वर्षं लागतात. मोडीचा या काळासाठी उपयोग नाही. तेव्हा कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे ताम्रपट संस्कृतात आहेत. तेव्हा संस्कृत वाचन पक्कं करा आणि आजपासून अरबीला लागा.

एवढा आग्रह का, ते एका गणितात सांगतो. हस्तलिखित वाचणारी प्रणाली अक्षरांत ५ टक्के चुकली तर तो निकाल चांगला मानतात. अरबीत चौलला ‘सैमूर’ म्हणतात: साद, या, मीम, वाव, रा, अशी पाच अक्षरं. प्रत्येक अक्षर बरोबर यायची शक्यता ०.९५ धरली, तर पाचही बरोबर यायची शक्यता सुमारे ०.७७. म्हणजे जवळजवळ दर चौथा सैमूर बिघडलेला. प्रत्यक्षात याहून वाईट होतं, कारण परकी गावांची नावं प्रणालीने सरावात पाहिलेलीच नसतात आणि ती त्यांच्या जागी ओळखीचा अरबी शब्द बसवते. मूळ लेखनिकही चुकलेले आहेतच. अरब भूगोलकार इद्रिसीच्या ११५४ च्या ग्रंथात ठाण्याचं ‘ताना’ हे नाव ‘बाना’ असं आलंय. ‘ता’चे वरचे दोन ठिपके जाऊन खाली एक आला, एवढाच फरक. हे डोळ्यांनी ओळखता येत नसेल तर आलेख कितीही देखणे काढा, त्यांवर विश्वास ठेवता येणार नाही.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ओपन-आयटीआय या खुल्या संग्रहात हजारो अरबी ग्रंथ मिळतात, आणि नवखा अभ्यासक पहिल्यांदा काय करतो, तर ‘सैमूर’ शोधून शतकवार उल्लेख मोजतो. तिथेच घात होतो. इस्तखरी आणि इब्न हौकल हे दहाव्या शतकातले भूगोलकार. दोघेही खंबायत, सोपारा, संजाण, चौल ही बंदरं जवळपास त्याच क्रमाने देतात, कारण दुसऱ्याने पहिल्याचंच लिखाण पुढे नेलंय. तेराव्या शतकातला भूगोलकार याकूतही जुन्या ग्रंथांतून उचलतो. तुमच्या आलेखात हे तीन साक्षीदार दिसतील. मुळात साक्ष एकच. उलट प्रवासी लेखक मसूदी हिजरी ३०४ मध्ये स्वतः चौलला आला होता, त्याचं वजन वेगळं. म्हणून मोजणीच्या आधी उचलेगिरी शोधणारी प्रक्रिया चालवावी लागते. ‘पासिम’ हे मोफत साधन त्यासाठीच आहे, आणि लंडनचा ‘किताब’ प्रकल्प ग्रंथांचे ३००-३०० शब्दांचे तुकडे करून ते एकमेकांशी ताडून पाहतो. त्याचे निकाल उघडून बघा, पद्धत लवकर कळेल.

नावं जुळवायचं काम यंत्रावर सोडू नका. चिंचणीच्या ताम्रपटात (शक ८४८, म्हणजे ९२६) राष्ट्रकूट इंद्र तिसऱ्याच्या वतीने संजाण सांभाळणारा ताजिक (म्हणजे अरब) अधिकारी आहे ‘मधुमती’, सहियारहाराचा मुलगा. मधुमती म्हणजे मुहम्मद आणि सहियारहार म्हणजे शहरियार. अरबी ग्रंथातला ‘बल्हरा’ म्हणजे आपला वल्लभराज, राष्ट्रकूट राजांची पदवी. अक्षरांमधलं अंतर मोजणारं कुठलंही सूत्र या जोड्या सापडवून देत नाही. प्रत्येक नावाला क्रमांक द्या, त्याखाली अरबी, संस्कृत, प्राकृत रूपं लिहा, आणि ही ओळख कोणी, कशावरून केली याचा वेगळा रकाना ठेवा.

तारखांचंही तसंच. हिजरी ३०४ हे वर्ष ९१६ आणि ९१७ अशा दोन सालांत पडतं, आणि शकात आकडा गत (संपलेल्या) वर्षाचा की चालू वर्षाचा हा प्रश्न असतो. रकान्यात एक साल कोंबू नका. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने करा. आणखी एक गोष्ट: अरबी ‘या’ आणि फारसी ‘ये’ पडद्यावर बऱ्याचदा सारख्या दिसतात, पण युनिकोडमध्ये वेगळ्या आहेत. आधी सगळा मजकूर एकसारखा केला नाही तर शोध अर्धे उल्लेख गाळतो आणि चूक झाल्याचं कळतही नाही.

निघण्याआधी एक छोटा नमुना बनवा. वा. वि. मिराशींनी संपादित केलेल्या शिलाहार लेखांतले दहा निवडा, ‘हंजमान’ (अंजुमन, म्हणजे परकीयांची सभा किंवा वसाहत असा अर्थ लावतात) आलेले आवर्जून घ्या, आणि ते टीईआय पद्धतीने, म्हणजे संगणकाला कळतील अशा ठरलेल्या खुणा करून टंकून काढा. जोडीला अरबीची वीस-पंचवीस पानं ‘ई-स्क्रिप्टोरियम’ या हस्तलिखितं वाचून घेण्याच्या साधनात स्वतः लिप्यंतरित करा. हस्ताक्षरासाठी प्रणाली नीट शिकवायची तर ५,००० ते १५,००० शब्द लागतात, पण नमुन्याला एवढं पुरे. प्राध्यापकांना पाठवायच्या पत्रात दोन परिच्छेद आणि हा नमुना असू द्या. हांबुर्गचं हस्तलिखित संस्कृती केंद्र आणि हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था इथून शोध सुरू करा. त्या विद्याशाखेची पीएच.डी. नियमावलीही आधीच वाचा. इतिहासाच्या काही शाखा लॅटिनही मागतात.

आता पैसा. शक्य असेल तर शिष्यवृत्तीपेक्षा पगारी पद घ्या. सरकारी वेतनश्रेणी ई-१३, मानव्यशाखेत बहुतेकदा पूर्ण वेळेच्या ५० किंवा ६५ टक्के. २०२५ च्या दरात ६५ टक्क्यांचे सुरुवातीला महिन्याला सुमारे ३,००० युरो होतात, हातात २,००० च्या आसपास येतात. आरोग्यविमा आणि पेन्शन त्यातूनच कापलं जातं. बऱ्याच शिष्यवृत्त्यांत विमा स्वतः भरावा लागतो. पद घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: प्रबंधाचा विषय तुमचा की प्रकल्पाचा, करार तीन वर्षांनी वाढतो का, आणि तुम्ही तयार केलेली माहिती कोणाच्या नावाने प्रसिद्ध होणार. पहिलं वर्ष मजकूर साफ करण्यातच जातं, म्हणून तीन वर्षं हमखास कमी पडतात.

पगारी करार असेल तर संशोधक म्हणून व्हिसा मागा, विद्यार्थी म्हणून नको. विद्यार्थी व्हिसाला, शिष्यवृत्ती नसेल तर, बंद खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात (२०२५ चा आकडा, अर्ज करताना पुन्हा तपासा). शिवाय संशोधकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागत नाही. गुणपत्रिकांवर अपॉस्टिल (परदेशात चालण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून घेण्यात पैसे घालवू नका. भारताचा अपॉस्टिल जर्मनी मानत नाही.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ‘खोली मिळेल पण नोंदणी करता येणार नाही’ असं कोणी म्हटलं तर ती खोली सोडा. नोंदणी नाही तर करक्रमांक नाही, आणि मग पगारावर सगळ्यात जड गटाचा कर बसू शकतो.