सूज, दाह की शोथ? आणि आज्जीचं अवधाण

ताई, तुमचा प्रश्न असा, की आरोग्याच्या माहितीपत्रकात 'इम्युन सेल्स आणि सिग्नलिंग मॉलिक्यूल्स इन्फ्लमेशन रेग्युलेट करतात' ह्याचं तुम्ही 'रोगप्रतिकारक पेशी व संदेशवाहक रेणू सूज नियंत्रित करतात' असं केलंत आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'सूज'खाली लाल रेघ मारली. रेघ बरोबर आहे, पण खरं तर ती 'नियंत्रित'खाली पण मारायला पाहिजे होती.

इन्फ्लमेशन म्हणजे जखम नाहीतर जंतू आत शिरले की शरीर जी प्रतिक्रिया पेटवतं ती. आता आधी सूज बघा. हार्टचा नाहीतर किडनीचा त्रास असला की पायावर सूज येते, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, ते साठलेलं पाणी, इन्फ्लमेशन नव्हे. उलट रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं इन्फ्लमेशन चालू राहतं आणि बाहेरनं काय म्हणून दिसत नाही. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं चार खुणा लिहून ठेवल्यात, लाली, सूज, गरमपणा, दुखणं. म्हणजे सूज चारातली एकच की. इन्फ्लमेशनचा मूळ लॅटिन शब्द पेटवण्याचा, म्हणून 'दाह' त्याला जवळचा. हिंदीवाले शोथ वापरतात, यकृतशोथ, संधिशोथ वगैरे, पण शोथ म्हणजे संस्कृतातली सूजच, फिरून भोपळे चौकात. दाहाची अडचण एवढीच की आमच्याकडं लोकांना ॲसिडिटीची जळजळ आठवते, तेव्हा पहिल्यांदा येईल तिथं एका वाक्यात समजावून सांगा आणि पुढं बिनधास्त दाह लिहा.

ह्यावरनं एक शब्द आठवला जो शहरात आता कुणी बोलत नाही. उसाच्या रानात पायात काटा मोडला, जखम चिघळली आणि जांघेत गाठ आली की आज्जी म्हणायची 'अवधाण आलंय'. लागलंय पायाला, गाठ जांघेत, आणि ह्या दोन्हीचा संबंध आहे हे त्या एका शब्दात बसलेलं! आत घडतं ते असं, की काही पेशी जखमेतनं जंतूंचे तुकडे उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात, तिथं ते ओळखणाऱ्या पेशी भराभर वाढतात आणि ग्रंथी टम्म होते. (ण चा न केला की अवधान म्हणजे लक्ष. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, गंमत म्हणून सांगतोय.)

आता 'रेग्युलेट'. नियंत्रण म्हटलं की वाचणाऱ्याला फक्त दाबून धरणं दिसतं, पण ह्या पेशी दाह पेटवतात पण आणि विझवतात पण. आमच्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं सारणारा चुलव्या वेगळा आणि काहील कधी उतरायची ते सांगणारा गुळव्या वेगळा, इथं मात्र एकच गडी दोन्ही कामं करतो. मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, सुरुवातीला टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ असले निरोप सोडून जाळ वाढवतात, मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात त्यानं बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरायला लागतात, लाली आणि सूज आली ती तिथनं, मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. काम उरकलं की तेच महाभक्षक मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि इंटरल्यूकिन-१० सारखे शांत करणारे निरोप सोडायला लागतात. म्हणजे दाह आपोआप निवत नाही, निववावा लागतो. शिवाय आपल्याच अंगावर चालून जाणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना आवरायला रेग्युलेटरी टी-पेशी असतात, २०२५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांच्यावरच्या कामालाच मिळालं.

(मास्ट पेशींना 'मस्त पेशी' म्हणून हसू नका, ते नाव जर्मनमधल्या खाऊन पुष्ट होण्याच्या शब्दावरनं पाउल एर्लिखनं ठेवलं, त्याला त्या खाऊनपिऊन मस्त झाल्यासारख्याच वाटल्या होत्या.)

म्हणून 'नियमन' लिहा, त्यात कमी करणं, वाढवणं दोन्ही येतं. क्रॉनिक इन्फ्लमेशनला 'जुनाट दाह' चालतंय, पण मला विचाराल तर क्रियापद 'धुमसणं' घ्या, सांध्यात दाह धुमसत राहतो, असं म्हटलं की पेशंटला लगेच कळतंय.

तर वाक्य असं करा: 'रोगप्रतिकारक पेशी आणि त्यांनी सोडलेले संदेशवाहक रेणू गरजेप्रमाणे दाह वाढवतात आणि काम झालं की निववतात.' नियमनसुद्धा लागलं नाही बघा शेवटी.