'1944 ची मिलिटरी विलीज' म्हणून विकली जाणारी जीप अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा कळला: धुळ्याजवळ एकजण '1944 ची मिलिटरी विलीज', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, विकतोय. हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा, डॅशबोर्डवर माहितीच्या पट्ट्या. तुम्ही जुन्या रेसिंग कारच्या नकला ओळखायचे व्हिडिओ पाहिलेत आणि तेच नियम इथे चालतील का, असं विचारताय.

अर्धे चालतात. कोब्रासारख्या रेसिंग कारची मूळ बॉडी अल्युमिनियमची आणि नकला बहुतेक फायबरच्या, त्यामुळे तिथे बोटाने टकटक केली तरी पहिला अंदाज येतो. जीपमध्ये मूळही पत्रा आणि नक्कलही पत्रा. पण खरा निकाल फ्रेम आणि नंबरवरच लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

रंग, तारा, जेरी कॅन, फावडं-कुऱ्हाड अडकवायचे पट्टे, यातल्या कशालाही भुलू नका. हे सगळं नवं मिळतं, डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्यासुद्धा. अख्खी बॉडी नवी बनवून मिळते; पंजाब-हरियाणाच्या सीमेवर डबवालीत जीप बांधायचा धंदाच चालतो. पुढच्या जाळीला नऊ फटी असतील तर युद्धकाळातली आणि सात असतील तर नंतरची, हे खरं आहे. पण जाळी बोल्टवर बसते, ती बदलायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून सरळ मागच्या चाकापाशी बसा आणि हबच्या मधोमध बघा. युद्धकाळातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूचा (तीच जीप, फोर्डने बनवलेली) मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग, म्हणजे पुढच्या चाकासारखाच मागेही सहा बोल्टचा फ्लँज (गोल चकती) बाहेर दिसतो. महिंद्राच्या सीजे-3बीला (युद्धानंतरची, उंच बॉनेटची जीप) तिथे मधोमध एकच मोठा नट असतो. रंगरंगोटी करणारे सहसा एक्सलला हात लावत नाहीत, कारण खर्च मोठा आणि गिऱ्हाईक तिथे बघत नाही. पाच मिनिटांत निम्मा निकाल इथेच लागतो.

मग बॉनेट उघडा. एमबीचं इंजिन 2.2 लिटरचं, 60 हॉर्सपॉवरचं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने हेड अगदी सपाट असतं आणि कार्बोरेटर बाजूला. सीजे-3बीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, कार्बोरेटर वर चढला, उंची वाढली, आणि म्हणूनच तिचं बॉनेट उंच आहे. सपाट बॉनेटखाली हे उंच इंजिन कोंबलेलं असेल तर कुठेतरी फुगवटा किंवा कापाकापी सापडेलच. आपल्याकडे कित्येक जीपांना नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं, त्यामुळे इंजिन वेगळं आहे एवढ्यावरून जीप खोटी ठरवू नका. हेडलाइटही बघा: मूळ जीपचे हेडलाइट जाळीच्या आत बसलेले आणि बिजागरीवर असतात. पाखरू-नट सैल केला की दिवा मागे उलटतो आणि रात्री इंजिनवर उजेड पडतो.

स्टेअरिंगचं जरा सविस्तर सांगतो. युद्धातल्या सगळ्या एमबी आणि जीपीडब्ल्यू डाव्या स्टेअरिंगच्या होत्या. आपल्याकडे बऱ्याच उजव्या केल्या गेल्या, त्यात वावगं काही नाही. पण मग फ्रेमच्या डाव्या रेलवर (लांबीच्या लोखंडी पट्ट्यावर) जुन्या स्टेअरिंग बॉक्सच्या जागेची खूण असायलाच हवी. पेट्रोलची टाकीही बघा: मूळ जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि गादी उचलूनच पेट्रोल भरावं लागतं. बाहेरून झाकण असेल तर बॉडी नंतरची.

शेवटी नंबर. एमबीचा फ्रेम नंबर पुढच्या बंपरमागे, डाव्या रेलच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. जीपीडब्ल्यूचा डाव्या रेलच्या वरच्या अंगाला थेट ठोकलेला. आरटीओत पासिंगला घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलीचा छाप घ्या. डोळ्याला न दिसणारं छापात दिसतं: एखादा आकडा खोल, एखादा तिरका, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे. असं दिसलं तर गाडी कितीही आवडली तरी परत फिरा. हा अस्सल-नकलीच्या पलीकडचा, चोरीच्या गाडीचा प्रश्न असू शकतो. छाप स्वच्छ असेल तर तो आरसीशी आकडा-आकडा ताडून बघा. आरसीवर मेक महिंद्रा आणि वर्ष 1970 च्या आसपासचं असेल, तर डॅशबोर्डच्या पट्टीवर 1944 असून उपयोग काय?

एक मनापासून सांगतो. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच घराण्यातल्या जीपांनी तोरणमाळ-धडगावकडचे घाट वर्षानुवर्षं ओढले. ती जीप स्वतःच्या नावाने उभी राहण्याइतकी मोठी आहे. तिच्यावर दुसऱ्याचा तारा रंगवून जास्तीचा भाव मागणं हा तिचाही अपमान आणि तुमचीही फसवणूक. महिंद्रा निघाली तर महिंद्राच्या भावाने खुशाल घ्या.

व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली असावी लागतात आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. बांधून घेतलेली जीप तिथे अडकेल, म्हणून बयाणा देण्याआधी विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा.

जाऊन आलात की मागच्या हबचा आणि नंबरच्या छापाचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.